चांदी खरी, चार्का बनावट

नोकरीनिमित्त मॉस्कोत दोन वर्षे राहिलो, त्या काळात मला जुन्या रशियन चांदीच्या पानपात्रांचा छंद जडला. त्यातही चार्का, म्हणजे व्होडकासाठी वापरली जाणारी, तळहातात मावणारी, एका कानाची पेली, मला फार आवडे. अशाच दोन पेल्यांपायी माझे ८५,००० रुपये गेले. छंद नवा असताना ही चूक कोणाच्याही हातून होईल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिली चार्का घेतली तेव्हा विक्रेत्याने ती १९०० च्या सुमाराची असल्याचे सांगितले आणि छायाचित्र चिकटवलेले प्रमाणपत्रही दिले. ते त्याने स्वतःच तयार केलेले आहे, याकडे मी लक्ष दिले नाही. तळाशी ८४ चा ठसा होता. जुन्या रशियन मापात शुद्ध चांदी ९६ झोलोत्निकांची धरत, म्हणजे ८४ चा अर्थ हजारात ८७५ भाग चांदी, हे मला ठाऊक होते. तिथल्या एका सराफाकडून कस लावून घेतला, तो बरोबर उतरला, आणि मी निर्धास्तपणे त्याच विक्रेत्याकडून दुसरीही घेतली. कसोटीवर धातूची परीक्षा होते, वयाची नाही; मी तर पैसे वयाचेच मोजले होते.

जुन्या वस्तू रशियाबाहेर नेण्याआधी तज्ज्ञांकडून तपासून घ्याव्या लागतात. परतीच्या वेळी त्यासाठी गेलो, तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी भिंग माझ्याच हातात दिले. ठशात कोकोश्निक हे पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचे मुख होते. १८९९ ते १९०८ या काळात ते डावीकडे पाहते आणि शेजारी तपासनिसाची आद्याक्षरे असतात; १९०८ पासून ते उजवीकडे वळते आणि आद्याक्षरांच्या जागी शहराचे ग्रीक अक्षर येते, मॉस्कोसाठी डेल्टा. माझ्या पेल्यांवर मुख डावीकडे होते आणि शेजारी डेल्टा होता.

मग त्यांनी दोन्ही पेल्या शेजारी पालथ्या ठेवल्या. आठाच्या खालून कानाकडे गेलेला केसासारखा बारीक ओरखडा दोन्हींवर होता, त्याच जागी, तेवढ्याच लांबीचा. ठशाच्या कडाही ठोकून उमटल्यासारख्या धारदार नव्हत्या, मेणासारख्या गोलावलेल्या होत्या. कुणीतरी खोट्या ठशाचा एक नमुना करून, त्याच्या साच्यातून खऱ्या चांदीत या पेल्या ओतल्या होत्या. जोडी म्हणून मला ज्याचे अप्रूप वाटले, ते तंतोतंत साम्यच मला आधी खटकायला हवे होते. (मोठ्या नावांच्या बाबतीत तर याहून सावध राहावे, कारण साध्या कारागिराच्या अस्सल जुन्या वस्तूवर मागाहून फाबेर्जे या नामांकित रशियन जवाहिऱ्याचा ठसा मारूनही ती विकली जाते.)

विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले. बाहेर नेण्यास हरकत नाही, वस्तू नवीन आहेत, असा कागद मात्र मला लगेच मिळाला. या पेल्या पुन्हा जुन्या म्हणून कोणाच्या गळ्यात पडू नयेत, म्हणून पुण्यात आल्यावर मी त्या वितळवायला दिल्या. फक्त ठशांचे दोन तळ कापून ठेवले आहेत, आणि नव्याने संग्रह करू पाहणारा कोणी आला की भिंगासह ते त्याच्यापुढे ठेवतो.