बँकॉक की हानोई? इंग्रजीचे शिक्षक म्हणून जाण्यापूर्वी

आग्नेय आशियात इंग्रजी शिकवण्याची नोकरी शोधणाऱ्या तरुण मुलामुलींकडून मला वारंवार एकच प्रश्न येतो: बँकॉकला जावे की हानोईला? हानोईतील एका खाजगी भाषा केंद्रात मी दोन वर्षे शिकवले आणि त्यानंतर बँकॉकच्या एका शाळेत तीन वर्षे. त्यामुळे विचारणाऱ्याच्या मनात पगार, घरभाडे आणि दिवे लागल्यानंतरचे शहर या गोष्टी कशा एकमेकींत गुंतलेल्या असतात, हे मला ठाऊक आहे. माझे उत्तर नेहमी एका उलट प्रश्नाने सुरू होते: तुमचा तास किती वाजता आहे?

हानोईत परदेशी शिक्षकांना मिळणारे बरेचसे काम खाजगी भाषा केंद्रांत असते. मुले दिवसभर शाळेत आणि नोकरदार कचेरीत असल्यामुळे केंद्रांचे वर्ग संध्याकाळी साडेपाच-सहाला सुरू होऊन नऊच्या सुमारास संपतात, आणि शनिवार-रविवारी तर सकाळपासूनच भरतात. पुण्यात किंवा दादरला ज्यांनी क्लास चालवले आहेत त्यांना हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. होआन किएम तलावाभोवतालचे रस्ते २०१६ पासून शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र वाहनांसाठी बंद असतात; तिथे गाणी होतात, मुले खेळतात, निम्मे शहर पायी फिरायला येते. पहिल्या वर्षी मी हा सोहळा मुख्यत्वे वर्गाच्या खिडकीतून पाहिला. नऊ वाजता फळा पुसून बाहेर पडल्यावर जुन्या शहरातील ता हिएन गल्लीत पोहोचेपर्यंत साडेनऊ होतात, आणि तिथली बैठक साधारण मध्यरात्रीच आटोपते, कारण तेव्हा पोलीस येऊन रस्त्यावरची स्टुले उचलायला लावतात. रोजच्या रोज तयार होणारी, हलकी आणि स्वस्त ‘बिया होई’ नावाची ताजी बिअर तर अनेक ठिकाणी त्याआधीच संपलेली असते.

मात्र हानोई तुम्हाला जी वेळ देते ती सकाळची आहे, आणि तिची किंमत मला उशिरा कळली. पहाटे पाचपासून तलावाकाठी आजी-आजोबा कवायत करतात, सातपर्यंत फुटपाथवरची न्याहारीची दुकाने भरून वाहतात, आणि कोणत्याही मंगळवारी दुपारपर्यंत तुम्ही पूर्ण मोकळे असता. अंड्याच्या पिवळ्या बलकाची कॉफी ज्या ‘कॅफे ज्यांग’मध्ये १९४६ पासून मिळते, तिथे रविवारी उभे राहायला जागा नसते; आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी मात्र तासभर वाचत बसता येते. ज्याला लिहायचे आहे, व्हिएतनामी शिकायची आहे किंवा दूरशिक्षणाने पदवी पुरी करायची आहे, त्याच्यासाठी ही रचना फार मोलाची आहे. ज्याला शुक्रवारी रात्री मित्रांच्या घोळक्यात असायचे आहे, त्याला ती सतत टोचत राहील.

बँकॉकमध्ये हे चित्र जवळजवळ उलटे होते. तिथे बहुतेक नोकऱ्या शाळांत असतात. साडेसातला हजेरी, आठ वाजता ध्वजवंदन आणि राष्ट्रगीत, दुपारी चार-साडेचारला सुट्टी. शनिवार-रविवार तुमचे. सत्र मे महिन्याच्या मध्यावर सुरू होते, ऑक्टोबरमध्ये मोठी सुट्टी लागते, आणि मार्चनंतर उन्हाळ्याची सुट्टी लागली की १३ ते १५ एप्रिल या सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, दिवसांत सारे शहर पाण्याने भिजलेले असते. रात्रीचे पर्यायही अधिक मोठे आहेत. याओवारात या चिनी वस्तीत अंधार पडल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात, थाँगलो आणि एक्कामाई भागांत संगीताची लहान ठिकाणे आहेत, आरसीए परिसरात नृत्याचे मोठे क्लब आहेत, आणि खाओसान रस्ता पाठीवर पिशव्या घेतलेल्या प्रवाशांचा आहे. नोकरी करणारा शिक्षक तिथे एक-दोनदा जातो आणि मग जाणे सोडतो. डिसेंबर २०२३ पासून शहरातील परवानाधारक मनोरंजनस्थळांना पहाटे चारपर्यंत सुरू राहण्याची मुभा आहे. तरीही सोमवार ते गुरुवार तुमची रात्र दहालाच संपेल, कारण सकाळी सव्वासहाला तुम्ही स्टेशनवर असाल. उन्नत रेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते आणि त्यानंतर टॅक्सी हाच मार्ग उरतो.

घरी परतण्याच्या या प्रश्नाकडे, विशेषतः मुलींनी, जाहिरातीतल्या फोटोंपेक्षा अधिक लक्ष द्यावे. बँकॉकमध्ये स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर खोली घेतली, भाडे थोडे जास्त पडले तरी, तर संध्याकाळ खऱ्या अर्थाने तुमची होते. हानोईत पहिली मेट्रो नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि दुसरी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, पण दोन्ही मार्ग जुन्या शहरापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे बहुतेक शिक्षक स्कूटर चालवतात. तिथे १ जानेवारी २०२० पासून वाहनचालकाच्या श्वासात मद्याचा अंशही चालत नाही. एका पेल्यानेही दंड होतो, गाडी जप्त होते, आणि तपासणी वारंवार असते. हा कायदा मला मनापासून योग्य वाटतो. त्यामुळे प्यायचे असेल त्या दिवशी गाडी घरी ठेवून ॲपवरून गाडी बोलवायची, असा नियम मी स्वतःला पहिल्या आठवड्यातच घालून घेतला.

आगीबद्दल मला अधिक सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नोकरीच्या मुलाखतीत तिचा विषय कोणी काढत नाही. १२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री हानोईतील एका अरुंद गल्लीतल्या नऊ-दहा मजली ‘मिनी अपार्टमेंट’ला आग लागली आणि ५६ माणसे गेली. तळमजल्यावर स्कूटरींचा वाहनतळ, वर लहान लहान खोल्या, बाहेर पडायला एकच जिना आणि खिडक्यांना लोखंडी जाळ्या, अशा इमारतींत स्वस्त खोल्या मिळतात आणि नव्याने आलेले शिक्षक त्या घेतात. मीही घेतली होती. बँकॉकमध्ये २००९ च्या नववर्षाच्या रात्री एक्कामाईतील सांतिका क्लबला लागलेल्या आगीत साठाहून अधिक माणसे मरण पावली. म्हणून खोली पाहायला गेल्यावर दुसरा जिना कुठे आहे आणि खिडकीची जाळी आतून उघडते का, हे आधी विचारावे, आणि क्लबमध्ये शिरल्यावर बाहेर पडण्याचे दुसरे दार शोधून मगच बसावे.

आता पैशाकडे आणि पासपोर्टाकडे येऊ. दोन्ही देशांत जाहिराती अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना झुकते माप देतात, आणि त्याच तासासाठी भारतीय शिक्षकाला कमी मोबदला सांगितला जातो. बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या, उत्तम व्याकरण जाणणाऱ्या मुलीला हे ऐकावे लागते तेव्हा मला राग येतो, आणि तो राग योग्यच आहे. परंतु निघण्यापूर्वी हिशेब मात्र याच आकड्यांवर करायला हवा. थायलंडमधील शाळा आपल्याकडून बहुधा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत किमान ६०० गुण मागतात, आणि अध्यापनाची रीतसर पदवी नसेल तर ‘खुरुसफा’ या शिक्षक परिषदेची तात्पुरती परवानगी लागते. व्हिएतनाममध्ये पदवी, अध्यापनाचे प्रमाणपत्र आणि इंग्रजीच्या पातळीचा पुरावा द्यावा लागतो. हानोईत पैसे बहुधा तासावर मिळतात, त्यामुळे ‘तेत’ या नववर्षाच्या सुट्टीत केंद्र बंद राहिले की हाती काही पडत नाही. बँकॉकमध्ये मासिक पगार असतो, पण करार बारा महिन्यांचा आहे की सुट्टीतले महिने वगळून केलेला आहे, हे नीट वाचावे.

‘आधी पर्यटकांच्या ई-व्हिसावर या, कामाच्या परवान्याचे नंतर पाहू’ असे कोणी सांगितले तर जाऊ नये. माझ्या पहिल्या केंद्राने मला हेच सांगितले होते, आणि ते ‘नंतर’ पाच महिने लांबले. त्या काळात आजारी पडले तरी डॉक्टरकडे जाताना मनात धास्ती असे. पर्यटक म्हणून येऊन शिकवणे दोन्ही देशांत बेकायदा आहे. पदवी प्रमाणपत्रावर आधी राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे आणि शेवटी त्या देशाच्या दूतावासाचे, शिवाय पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र, एवढे सगळे भारतातच पूर्ण करून निघावे. परदेशातून कुरिअरने हे करण्यात पैसा आणि महिने दोन्ही जातात.

शिक्षकाला मिळणारा मान दोन्हीकडे आहे, तरी त्याचा स्वभाव निराळा आहे. व्हिएतनाममध्ये २० नोव्हेंबरला शिक्षक दिन असतो आणि त्या दिवशी विद्यार्थी फुले घेऊन घरी येतात, जेवायला नेतात. वयाने मोठे विद्यार्थी तर वर्गानंतर आग्रहाने सोबत बसवतात. थायलंडमध्ये हा मान अधिक औपचारिक आहे आणि आपल्याला तो आश्चर्यकारकरीत्या ओळखीचा वाटतो. शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, म्हणजे गुरू, किंवा ‘आचान’, म्हणजे आचार्य. आणि वर उल्लेखलेली खुरुसफा ही शब्दशः गुरुसभाच आहे. जूनमध्ये होणारा ‘वाई ख्रू’ हा गुरुवंदनाचा समारंभ गुरुवारी करण्याची प्रथा आहे आणि शिक्षकांना अर्पण करायच्या तबकात दूर्वा असतात, वांग्याची फुले असतात. पहिल्या वर्षी त्या दूर्वा पाहून मला गणपतीतल्या घराची इतकी आठवण झाली की डोळे भरून आले. या मानाची दुसरी बाजूही आहे. शाळेजवळच्या बारमध्ये एखाद्या पालकाने तुम्हाला पाहिले तर सोमवारी मुख्याध्यापकांच्या कानावर जाते, म्हणून बँकॉकचे शिक्षक आपली रात्र शाळेपासून चार स्टेशने दूर घालवतात. हानोईत असे दडपण मला क्वचितच जाणवले.

शाकाहारी माणसाचे दोन्हीकडे निभते. बँकॉकमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली शाकाहारी दुकाने शोधावीत, हानोईत ‘चाय’, म्हणजे शाकाहारी, हा शब्द पाठ करावा; तो नुसताच न सांगता माशाचा रस नको हेही सांगावे, नाही तर तो भाजीत पडतोच. डाळी, हिंग आणि मसाले यांसाठी बँकॉकची फाहुरात पेठ पुरेशी आहे. हानोईत एवढी जुनी भारतीय वस्ती नाही. ताय हो तलावाच्या बाजूला काही उपाहारगृहे आहेत, पण पोह्यांची पाकिटे मी सुट्टीवरून येताना बॅगेतूनच नेत असे. हानोईचा हिवाळा ओलसर आणि बोचरा असतो, घरांत उष्णतेची सोय नसते, त्यामुळे एक चांगला स्वेटर तिथे उपयोगी पडतो. बँकॉकला त्याची गरज नाही.

दोन्ही शहरांची घड्याळे भारताच्या दीड तास पुढे आहेत. हानोईतला वर्ग नऊला सुटतो तेव्हा सांगलीत साडेसात झालेले असतात, आणि आईशी बोलता बोलता मी पायीच घर गाठत असे. त्या अर्ध्या तासासाठी ता हिएनची कित्येक बोलावणी मी नाकारली. बँकॉकमध्ये साडेचारला सुटले की घरी दुपारचे तीन वाजलेले असतात, आई वामकुक्षीत असते, आणि आठपर्यंत थांबावे लागते. नोकरी स्वीकारण्यापूर्वी आठवड्याचे वेळापत्रक लेखी मागवून घ्यावे आणि त्याच कागदावर घरच्यांच्या वेळाही लिहून पाहाव्यात.