‘सिग्नल भरपूर आहे’ असे सांगून विकलेला अँटेना

ज्या घरात टीव्हीचा सिग्नल मुळातच कमजोर पोहोचतो, त्या घरातील माणसे फसवणाऱ्या विक्रेत्याच्या हाती लवकर सापडतात. त्यांना उपाय हवाच असतो, दरमहा वर्गणी भरणे परवडत नसते, आणि एकदाच पैसे भरून कायमची सोय होईल असे कोणी म्हटले की ते ऐकून घ्यावेसे वाटते. आमच्या कुटुंबाला अशाच एका विक्रेत्याने अँटेना, सिग्नल मोठा करणारा बूस्टर आणि सेट टॉप बॉक्स असा संच विकला. त्याने वापरलेल्या युक्त्या इतक्या सफाईदार होत्या, आणि त्या कोणत्याही घरात पुन्हा वापरता येतील इतक्या सोप्या होत्या, की त्या तपशीलवार लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

घर टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि प्रक्षेपण मनोरा टेकडीच्या पलीकडे. पूर्वीच्या ॲनालॉग प्रक्षेपणाच्या काळात आमच्याकडे चित्रावर मुंग्या यायच्या, कधी एका चेहऱ्यामागे दुसरा पुसट चेहरा दिसायचा, पण बातम्या ऐकू येत आणि मालिका समजत असे. डिजिटल प्रक्षेपणाची तऱ्हा वेगळी आहे. त्यात चुका दुरुस्त करण्याची सोय सिग्नलमध्येच असते, म्हणून सिग्नल पुरेसा असेपर्यंत चित्र निर्दोष दिसते. मात्र चुकांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की आधी चित्रात चौकोन पडतात, आवाज तुटतो, आणि लगेच पडदा काळा होतो. मधली अवस्था जवळजवळ नसतेच. त्यामुळे आपण त्या मर्यादेच्या किती जवळ आहोत हे चित्र पाहून प्रेक्षकाला कळत नाही, आणि ही गोष्ट विक्रेत्याला पक्की ठाऊक होती.

त्याने आणलेल्या अँटेनाच्या खोक्यावर ‘डिजिटल’, ‘एचडी’, ‘फोर-के’ असे शब्द मोठ्या अक्षरांत होते आणि तीनशे किलोमीटरच्या टप्प्याचा दावा होता. अँटेना हा धातूच्या दांड्यांचा एक आकार असतो. त्यातून वाहणारी लहर ॲनालॉग चित्राची आहे की डिजिटल, हे त्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. तो कोणत्या वारंवारितेसाठी बनवला आहे, एका दिशेने किती सिग्नल गोळा करतो आणि बाकीच्या दिशांकडून येणारा किती नाकारतो, एवढेच महत्त्वाचे. घरांच्या छतांवर दिसणारा आडव्या दांड्यांचा अँटेना उदा आणि यागी या जपानी संशोधकांनी १९२६ च्या सुमारास मांडलेल्या रचनेचाच आहे. वारंवारितेच्या योग्य पट्ट्यातला असेल तर असा जुना अँटेनाही डिजिटल वाहिन्या पकडतो. आमच्या छतावर असा एक धडधाकट अँटेना होता. विक्रेत्याने तो ‘जुन्या टीव्हीचा’ म्हणून उतरवायला लावला.

टप्प्याच्या दाव्याची तपासणी तर कागदावर करता येते. दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. मनोऱ्याची आणि आपल्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, दोन्हींची वर्गमुळे काढून बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे; जे उत्तर येईल तितक्या किलोमीटरपर्यंत, मध्ये काही अडथळा नसल्यास, लहर साधारण थेट पोहोचते. मनोरा १५० मीटर उंच आणि अँटेना ९ मीटरवर असेल तर हे अंतर सुमारे ६३ किलोमीटर भरते. मनोरा दुप्पट उंच केला तरी ते ८४ किलोमीटरच्या आसपास थांबते. हवामानाच्या काही विशिष्ट स्थितींत लहरी याहून बऱ्याच दूर जातात हे खरे, पण तो योग अधूनमधून येतो, त्यावर रोजच्या बातम्या पाहता येत नाहीत. आणि आमच्याकडे तर अंतर हा प्रश्नच नव्हता. मनोरा जवळ होता, टेकडी आड होती.

यानंतर त्याने खिशातून एक छोटे यंत्र काढले, ज्यावर दिवे लागतात आणि शिटीसारखा आवाज येतो. अँटेनाला जोडल्यावर त्यातला एखादाच दिवा लागला. मग त्याने टीव्हीच्या मागे बूस्टर लावला आणि सगळे दिवे पेटले, शिटी मोठी झाली. ‘पाहा, सिग्नल भरपूर आहे,’ असे तो म्हणाला. टीव्हीच्या मेनूतली स्ट्रेंथची पट्टीही भरलेली दिसली. त्याच मेनूत तिच्या शेजारी क्वालिटीची दुसरी पट्टी असते, तिच्याकडे त्याने कोणाचे लक्ष जाऊ दिले नाही.

या दोन पट्ट्यांतला फरक मला नंतर एका जाणकार तंत्रज्ञाने समजावून सांगितला, आणि या संपूर्ण प्रकरणात सर्वांत मोलाची माहिती मला तीच वाटते. स्ट्रेंथ म्हणजे त्या वारंवारितेवर एकूण किती ऊर्जा येत आहे. तिच्यात कामाचा सिग्नल, मोबाइल मनोऱ्यांची गडबड आणि बूस्टरने स्वतः निर्माण केलेला गोंगाट, सगळे एकत्र मोजले जाते. क्वालिटी म्हणजे त्यातून अर्थपूर्ण माहिती किती बिनचूक निघते. बूस्टर सिग्नल मोठा करतो तसा गोंगाटही मोठा करतो आणि वर थोडी स्वतःची भर घालतो. गढूळ पाणी मोठ्या भांड्यात ओतल्याने गाळ कमी होत नाही, तसेच हे आहे. तंत्रज्ञाने आमच्यासमोर अँटेनाची वायर बूस्टरमधून काढून टाकली आणि बूस्टर चालूच ठेवला. स्ट्रेंथची पट्टी जेमतेम खाली आली. म्हणजे अँटेना नसतानाही त्या पट्टीच्या मते ‘सिग्नल’ होता. ज्यांच्या घरी कोणी असा बूस्टर विकायला येईल, त्यांनी पैसे देण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा.

बूस्टर पूर्णपणे निरुपयोगी असतो असे नाही. अँटेनापासून टीव्हीपर्यंत येणाऱ्या चांगल्या प्रतीच्या आरजी-६ केबलमध्येही वरच्या वाहिन्यांवर ३० मीटरमागे सुमारे ६ डेसिबल हानी होते, म्हणजे निघालेल्या शक्तीचा चौथा भाग खाली पोहोचतो; आणि दोन टीव्हींसाठी फाटा काढला की उरलेल्याचेही निम्मे होते. ही हानी भरून काढायला बूस्टर उपयोगी पडतो. मात्र तो वर, अँटेनाजवळच, केबल सुरू होण्यापूर्वी बसवावा लागतो. हानी झाल्यानंतर टीव्हीच्या मागे लावलेला बूस्टर उशिरा आलेला असतो. विक्रेत्याने तो खाली का लावला याचे कारण सरळ आहे: वर चढण्याचे श्रम वाचतात आणि दिवे पेटलेले सगळ्यांना दिसतात.

तरीही चित्र दिसल्याशिवाय आम्ही पैसे दिले नसते. चित्र दिसले, आणि खरा कपटाचा भाग हाच आहे. त्याने स्वतःचा सेट टॉप बॉक्स जोडला आणि पडद्यावर अतिशय स्वच्छ बातम्या सुरू झाल्या, मग क्रिकेटचा सामना, मग गाणी. बॉक्सच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड केलेल्या खाचेत एक पेन ड्राइव्ह होता, आणि चाललेले कार्यक्रम आधी रेकॉर्ड केलेले होते. अशा बऱ्याच बॉक्सना कार्यक्रम साठवून पुन्हा दाखवता येतात, त्यामुळे यासाठी वेगळ्या उपकरणाची गरजही पडत नाही. हे उघड झाले ते शेजारच्या कुटुंबाशी बोलताना. त्यांच्याकडे तोच माणूस दुसऱ्या दिवशी गेला होता आणि तिथेही सामन्याचे तेच षटक चालू होते. प्रात्यक्षिक पाहताना वृत्तवाहिनी लावायला सांगावी आणि पडद्यावरील वेळ हातातल्या घड्याळाशी ताडून पाहावी. डिजिटल प्रक्षेपण काही सेकंद मागे असते, तासन्‌तास नव्हे. त्याहून पक्की खूण म्हणजे रिमोट आपल्या हाती घेऊन वाहिन्या नव्याने शोधायला लावणे.

आमच्यासाठी ठेवलेल्या बॉक्सवर पहिले काही दिवस दोन-चार वाहिन्या रात्री दिसत, पावसात जात. नंतर त्याही बंद झाल्या आणि विक्रेत्याने फोनवर सांगितले की वर्षाचे ‘ॲक्टिव्हेशन’ संपले आहे, नूतनीकरणाचे पैसे पाठवा. घरातील ज्येष्ठांनी ते पाठवले. तो येऊन बॉक्सवर काहीतरी दाबून गेला आणि वाहिन्या परतल्या. त्याने फक्त वाहिन्यांचा शोध पुन्हा घेतला होता, हे आता स्पष्ट आहे. अनेक देशांनी दूरचित्रवाणीच्या पट्ट्याचा वरचा भाग मोबाइल सेवांना दिला, त्यामुळे वाहिन्यांच्या वारंवारिता बदलत राहतात आणि घरच्या बॉक्सला त्या नव्याने शोधाव्या लागतात. ते काम रिमोटवरून कोणीही विनामूल्य करू शकतो. ज्या वाहिन्या कूटबद्ध न करता मोकळ्या प्रक्षेपित होतात, त्यांना चालू करण्याचा अधिकार अँटेना विकणाऱ्याकडे असूच शकत नाही. वृद्ध माणसांकडून असे पैसे वर्षानुवर्षे काढले जाऊ शकतात, याचा मला मनापासून राग येतो.

शेवटी ज्या तंत्रज्ञाने मदत केली, त्याने आधी काहीही विकले नाही. उतरवलेला जुना अँटेना हातात धरून तो छतभर फिरला आणि क्वालिटी दाखवणाऱ्या मीटरकडे पाहत राहिला. टेकडीसारख्या अडथळ्यामागे लहरी वाकून आणि भिंतींवर आदळून येतात, त्यामुळे एक-दोन मीटर सरकल्याने मोठा फरक पडतो, आणि सर्वांत उंच जागा सर्वांत चांगली असेलच असे नाही. त्याला एक बरी जागा सापडली, पण तिथेही काही वाहिन्या काठावरच होत्या. म्हणून त्याने मोकळ्या उपग्रह वाहिन्यांसाठी साधी डिश सुचवली. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागी स्थिर दिसतो. आकाशातला तेवढा एक कोपरा झाडे आणि भिंतींपासून मोकळा असला की मनोरा टेकडीमागे आहे याने काही बिघडत नाही. मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ जाते, हे त्याने आधीच सांगितले. बॉक्स घेताना तो आपल्या भागातील सध्याच्या प्रक्षेपण पद्धतीला चालतो का, हे विचारायलाही त्यानेच बजावले, कारण जुन्या पद्धतीचे बॉक्स स्वस्तात खपवले जातात आणि त्यांवर निम्म्या वाहिन्या उमटतच नाहीत.

पहिल्या विक्रेत्याने दिलेल्या पावतीवर वस्तूंची नावे होती आणि ‘सिग्नलची हमी नाही’ अशी बारीक ओळ होती. तोंडी मात्र सर्व वाहिन्यांची हमी त्याने दिली होती. तक्रार करताना त्या ओळीने आमची बाजू लंगडी झाली. डिश घेताना आम्ही पावतीवर विक्रेत्याचे नाव, पत्ता, बॉक्सचा क्रमांक, दिसणाऱ्या वाहिन्यांची यादी, आणि त्या ठरलेल्या मुदतीत नीट न दिसल्यास पैसे परत, असे सर्व लिहून घेतले आणि त्यावर त्याची सही घेतली. त्याने ती लगेच दिली.