आंतरराष्ट्रीय सार्वजनिक धोरण, आंतरराष्ट्रीय संबंध की साधी एमपीपी (मास्टर ऑफ पब्लिक पॉलिसी)?

या तीन पदव्युत्तर अभ्यासक्रमांतला कोणता निवडावा, हे ठरवायला १९८७चा मॉन्ट्रियल करार घ्या. ओझोनचा थर विरळ करणारी रसायनं टप्प्याटप्प्यानं बंद करायचं देशांनी ठरवलं आणि २००९पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सदस्य देशांनी त्याला मान्यता दिली. हा एकच करार तीन वर्गांत तीन तऱ्हांनी शिकवला जातो.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या वर्गात विचारतात : शीतयुद्ध संपलेलं नसताना हे देश एका टेबलाशी बसले कसे? पुढाकार कोणाचा, फायदा कोणाचा? देशांतर्गत धोरण शिकवणाऱ्या एमपीपीच्या वर्गात विचारतात : कारखान्यावर सरळ बंदी घालावी, कर लावावा की परवाने विकावेत? (अमेरिकेनं १९९०पासून या रसायनांवर खरोखरच कर लावला.) आणि आंतरराष्ट्रीय सार्वजनिक धोरणाच्या वर्गात प्रश्न या दोहोंच्या मधला असतो. कराराबाहेर राहणाऱ्या देशांशी या रसायनांचा व्यापार बंद करण्याच्या कलमानं काय साधलं? विकसनशील देशांना दिलेली दहा वर्षांची सवलत आणि १९९०मध्ये ठरलेला बहुपक्षीय निधी नसता, तर ते आत आले असते का? हीच रचना कार्बनच्या बाबतीत जशीच्या तशी का चालत नाही?

यातला कोणता प्रश्न वाचून तुम्ही क्षणभर थांबलात, ते आधी बघा. विद्यापीठांच्या मानांकनाच्या याद्या नंतर.

आंतरराष्ट्रीय सार्वजनिक धोरण आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांतली तुलना वाटते तितकी सोपी नाही. आंतरराष्ट्रीय संबंधांत सिद्धांत, इतिहास आणि सत्तेची समज खोलवर मिळते. लिखाण लांब निबंधांचं असतं, त्यात शंका उपस्थित करणं हाच गुण. धोरणाच्या वर्गात शंकेवर थांबता येत नाही. तिथलं ठरलेलं लिखाण म्हणजे दोन पानी टिपण : प्रश्न काय, पर्याय कोणते, मी कोणता सुचवतो आणि का. चांगले निबंध लिहिणाऱ्यांची पहिल्या सत्रात इथेच दमछाक होते. मत मांडून त्याला चिकटून राहायची सवय नसते ना! शिवाय सूक्ष्म अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र बहुतेक ठिकाणी सक्तीचं. रिग्रेशनचा, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे ते मोजणाऱ्या पद्धतीचा, तक्ता वाचून ‘हा आकडा विश्वास ठेवण्याजोगा आहे का’ हे सांगता यावं, एवढी अपेक्षा असतेच. गणिताचा धसका घेऊन या अभ्यासक्रमापासून पळू नका, पण तो टळेल या आशेवर प्रवेशही घेऊ नका.

साध्या एमपीपीशी तुलना केली तर साधनं जवळपास तीच निघतात. फरक सत्तेच्या जागेचा आहे. देशात सरकार कायदा करू शकतं आणि मोडणाऱ्याला दंड करू शकतं. देशांच्या वर सरकार नाही. त्यामुळे इथला निम्मा अभ्यास एकाच गाठीभोवती फिरतो : सक्ती करता येत नसेल तर सहकार्य घडवायचं कसं? साथरोग, निर्वासित, कर चुकवणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्या, मासेमारी, सगळीकडे तीच गाठ. ही गाठ सोडवण्यात रस नसेल आणि शाळा, आरोग्य केंद्रं, बससेवा सुधारण्यात असेल, तर ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाच्या वलयाला भुलू नये. साधी एमपीपी तुमच्या जास्त कामाची.

पदवीच्या नावावर मात्र काडीचाही भरवसा ठेवू नका. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाची दोन वर्षांची पदवी एमपीए (मास्टर इन पब्लिक अफेअर्स) म्हणवते, पण तिचा कणा अर्थशास्त्र आणि आकडेवारीचं विश्लेषण हाच आहे. म्हणजे इतर ठिकाणी ज्याला एमपीपी म्हणतात, तेच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आंतरराष्ट्रीय सार्वजनिक धोरणाची पदवी एमएस्सी आहे. बर्लिनच्या हर्टी स्कूलमध्ये आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या सिपा या धोरणाच्या शाळेत ‘इंटरनॅशनल अफेअर्स’ नावाखाली धोरणाचा बराच भाग शिकवतात. म्हणून नाव झाकायचं आणि फक्त सक्तीच्या विषयांची यादी वाचायची. ऐच्छिक विषयांची यादी नेहमीच भारी दिसते. त्यातले निम्मे त्या वर्षी चालतीलच असं नाही.

एक वर्ष की दोन? इथे माझं मत ठाम आहे. ब्रिटनमधल्या बहुतेक पदव्या वर्षभराच्या, शेवटी उन्हाळ्यात प्रबंध. ऑक्सफर्डच्या ब्लावाटनिक स्कूलची एमपीपीही एकाच वर्षाची आहे. चार-पाच वर्षं मंत्रालयात, संस्थेत किंवा पत्रकारितेत काढलेल्या माणसाला हे उत्तम. काय शिकायचंय ते त्याला ठाऊक असतं आणि पगार एकच वर्ष बुडतो. पण पदवी संपवून थेट आलेल्याचं वर्ष कसं जातं पाहा. पहिलं सत्र विषय समजण्यात जातं आणि दुसरं सुरू होतं न होतं तोच नोकरीचे अर्ज भरावे लागतात. त्याला दोन वर्षांचा अभ्यासक्रमच मानवतो, कारण मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप करता येते. पॅरिसच्या सिआन्स पोमध्ये तर तिच्यासाठी एक सत्र मोकळं ठेवता येतं. दुसरं वर्ष म्हणजे दुसरी फी आणि दुसरं घरभाडं हे खरंच; पण अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या पदव्या सरसकट महाग समजून यादीतून काढू नका. प्रिन्स्टन एमपीएच्या सर्व विद्यार्थ्यांची पूर्ण फी स्वतः भरतं. अर्थात तिथे जागा मोजक्या आणि कामाचा अनुभव असलेल्यांना झुकतं माप.

नोकरीचं बोलायचं तर एक गैरसमज आधी दूर करू. संयुक्त राष्ट्रांच्या ‘यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम’साठी, म्हणजे तरुणांच्या भरतीच्या योजनेसाठी, पदव्युत्तर शिक्षणाची अटच नाही. पहिली पदवी पुरते, वय ३२पेक्षा जास्त नको आणि त्या वर्षीच्या सहभागी देशांच्या यादीत तुमचा देश हवा. तिथल्याच ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर या सुरुवातीच्या जागांचा खर्च देणगीदार देश उचलतात आणि बहुतेकदा आपल्याच नागरिकांसाठी. म्हणजे तुमचा पासपोर्ट कधी कधी तुमच्या पदवीपेक्षा जास्त ठरवतो. वर्गात हे फारसं कोणी सांगत नाही. याच पैशांत आणि वेळात फ्रेंच पक्की करणं काहींना अधिक फळेल, कारण संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच आहेत.

एक चौथा पर्यायही आहे, तो तुलनेत सहसा येतच नाही : सार्वजनिक आरोग्य, कायदा, हवामानशास्त्र किंवा शुद्ध अर्थशास्त्र. लशींच्या वाटपाचं धोरण ठरवणाऱ्या खोलीत साथरोगतज्ज्ञ लागतोच. धोरणाचा पदवीधर त्याच्या शेजारी बसतो. आधी एक विषय हातात असेल तर आंतरराष्ट्रीय धोरणाची पदवी त्याला धार लावते. काहीच हातात नसेल तर दोन वर्षांत निदान एक विषय घट्ट धरावा लागतो, मग तो व्यापार असो, स्थलांतर असो वा ऊर्जा.

अर्ज करण्याआधी तिथल्या दोन माजी विद्यार्थ्यांना गाठा. ‘अनुभव कसा होता’ हे विचारू नका, सगळे छानच सांगतात. विचारा : शेवटचा गट-प्रकल्प कोणत्या संस्थेसाठी केला आणि तो अहवाल त्या संस्थेत कोणी वाचला का?