जुनी फोर-स्ट्रोक स्नोमोबाइल: कीविनॉच्या बर्फात वापरून झाल्यावर

आधी वजन सांगते. पेट्रोल, ऑइल, कूलंट सगळं भरलं की माझी स्नोमोबाइल, म्हणजे पुढे दोन स्की आणि खाली फिरणारा रुंद रबरी पट्टा (ट्रॅक) असलेली बर्फावरची गाडी, पावणेतीनशे किलोच्या पुढे जाते. ट्रेल सोडून ती कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात रुतली, तर मी आणि नवरा दोघं मिळूनही तिला उचलू शकत नाही. फावडं काढायचं, ट्रॅकच्या पुढचा बर्फ उकरायचा, पायांनी तुडवून वाट घट्ट करायची, मग एकानं स्कीचा हूक धरून ओढायचं आणि दुसऱ्यानं अगदी बेतानं थ्रॉटल द्यायचा. जास्त दिला की ट्रॅक आणखी खाली जातो. ज्यांना डोंगरात झाडांमधून गाडी घालायची आहे, त्यांनी हा रिव्ह्यू इथंच सोडावा. दोघांनी मागेपुढे बसून आखलेल्या ट्रेलवरून दिवसभर फिरायची ही गाडी आहे, आणि त्या कामात तिला नाव ठेवायला फारशी जागा नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एका वापरलेल्या गाडीवरून अख्ख्या कंपनीला झोडपणं किंवा डोक्यावर घेणं मला पटत नाही, आणि खाली लिहिलेलं बहुतेक सगळं कुठल्याही टूरिंग स्नोमोबाइलला लागू पडतं. फोर-स्ट्रोक इंजिन, १३७ इंची ट्रॅक, त्यावर सव्वा इंची रबरी दात, दोन माणसांची सीट, मागच्यासाठी पाठ टेकायची सोय. इथले लोक तिला सरळ स्लेड म्हणतात.

इथले म्हणजे मिशिगनच्या उत्तरेचे, लेक सुपीरियरमध्ये घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावरचे. मी होटन गावात राहते. तलावावरून येणारा गार वारा वाफ उचलून आणतो आणि आमच्या डोक्यावर रिकामा करतो. हिवाळ्यात सरासरी २०० इंचांच्या वर बर्फ पडतो. मोहॉकजवळ यूएस-४१ हायवेच्या कडेला एक उंच मोजपट्टी उभी आहे, तिच्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्याचा ३९०.४ इंचांचा विक्रम दाखवलाय. पाहुणे आले की त्यांना तिथं फोटो काढायला न्यावंच लागतं. होटन आणि समोरचं हॅनकॉक यांना जोडणारा पूल दोन मजली आहे, मधला भाग बोटींसाठी वर जातो. खालच्या मजल्यावरून पूर्वी रेल्वे जायची. आता हिवाळ्यात तिथून स्नोमोबाइल जातात. एकंदर इथं स्लेड ही चैन कमी आणि हिवाळा सहन करायचं साधन जास्त. गुलमर्गला टूरवाल्यांबरोबर जाऊन ज्यांनी चालकाच्या मागे बसून एक फेरी मारली असेल, त्यांनी तोच प्रकार दिवसभर, स्वतः चालवत आणि पाठदुखीसकट डोळ्यांसमोर आणावा.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हा वाद इथं कॉफीच्या दुकानात सकाळी सुरू होतो तो संपतच नाही. टू-स्ट्रोक हलकी, चपळ, पण ऑइल पिते आणि तिचा वास जॅकेटला आठवडाभर राहतो. सांगलीत आमच्याकडे एम-८० होती, त्यामुळे तो वास मला परका नाही, पण रोज हुंगायची हौसही नाही. फोर-स्ट्रोक जड आणि शांत. पेट्रोल कमी लागतं. मला गॅलनला वीस मैलांच्या आसपास मिळतात, बरोबरच्या टू-स्ट्रोकवाल्यांना त्याहून बरेच कमी. पुढचा पंप दीड तासावर असेल तेव्हा हा फरक कळतो. एक गंमत अशी की काही टू-स्ट्रोक गाड्यांना वेगळा रिव्हर्स गिअर नसतोच. बटण दाबलं की इंजिन मंदावतं, अगदी बंद पडतंय असं वाटतं, आणि तेवढ्यात क्रँक उलटा फिरायला लागतो. फोर-स्ट्रोकला ही चलाखी जमत नाही, तिथं खराखुरा गिअर लागतो. वजनात ती भर वेगळी.

भरवशाचं बोलायचं तर इंजिननं आजवर काहीही त्रास दिलेला नाही. उणे पंचवीस सेल्सिअसलाही बटण दाबलं की दोन-तीन गिरक्यांत चालू होते. फक्त बॅटरी चांगली हवी, कारण या वजनाच्या गाडीला ओढायची दोरी नसते. बॅटरी बसली की गाडी बसली. जे बिघडलं ते सगळं इंजिनाच्या खाली किंवा बाहेर: ट्रॅकच्या आतल्या छोट्या चाकाचं बेअरिंग जाम झालं, डाव्या मुठीचा हीटर गेला, पुढच्या सस्पेन्शनचं एक बुश खडखडायला लागलं. मोठं काहीच नाही. पण बेअरिंग जाम होतं ते लॅक लाबेल आणि कॉपर हार्बरच्या मधे, जिथं फोनला रेंज नसते.

आता ज्यावर मला जास्त लिहायचंय ते हायफॅक्स. स्नोमोबाइल घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना हा शब्द पहिला मार्च येईपर्यंत माहीत नसतो. ट्रॅक ज्या दोन अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवरून सरकतो, त्यांच्या खालच्या कडेला गुळगुळीत प्लास्टिकच्या लांब पट्ट्या बसवलेल्या असतात, त्या म्हणजे हायफॅक्स. ट्रॅकला आतून धातूच्या क्लिपा असतात आणि त्या या प्लास्टिकवर घासत जातात. त्यांच्यामध्ये वंगण म्हणून काय असतं? बर्फ. ट्रॅक वर उडवतो तो मोकळा बर्फ. तोच बर्फ सीटखालच्या बोगद्यातल्या रेडिएटरवर पडतो आणि इंजिनाचं कूलंट गार करतो. म्हणजे भुसभुशीत बर्फ आहे तोवर गाडी स्वतःला वंगणही देते आणि गारवाही.

मार्चमध्ये दिवसा वितळलेला ट्रेल रात्री काचेसारखा गोठतो. सकाळी लवकर निघालात तर उडायला मोकळा बर्फच नसतो. दहा-पंधरा मैलांत तापमानाचा दिवा लागतो, आणि त्याच्याही आधी जळक्या प्लास्टिकचा वास येतो. तो वास आला की ट्रेलच्या कडेला, जिथं मऊ बर्फ असेल तिथं, एक बाजू घालून थोडं अंतर जायचं. दिवा विझतो. यावर उपाय म्हणजे स्क्रॅचर: स्प्रिंगच्या दोन तारा, ज्या ट्रॅकच्या पुढे जमिनीवर घासत जातात आणि कडक बर्फाचा भुगा वर उडवतात. माझ्या गाडीला ते नव्हते, मी बसवून घेतले. शंभर डॉलरच्या आतबाहेरचं काम, आणि अख्ख्या गाडीवर केलेला सगळ्यात शहाणपणाचा खर्च. रिव्हर्स घेण्याआधी मात्र ते उचलून हुकात अडकवायचे, नाहीतर वाकतात किंवा मोडतात. हायफॅक्सच्या पट्टीवर झिजेची रेघ असते. तिच्यापर्यंत पोचलं की बदला. पुढे गेलात तर क्लिपा थेट अॅल्युमिनियम खातात आणि मग बिलात एक शून्य वाढतं.

शेजारी फिनिश वंशाचे आजोबा आहेत, ऐंशीच्या घरातले, अजून स्वतः स्लेड चालवतात. हायफॅक्स बदलायला त्यांनीच शिकवलं. एक बोल्ट काढायचा, ट्रॅकमध्ये ठेवलेल्या खिडकीतून जुनी पट्टी मागं हातोडीनं ठोकत बाहेर काढायची, नवीला आतून साबणाचं पाणी लावून सरकवायची. दुकानात याचे तासाच्या दरानं पैसे घेतात. आजोबांनी बदल्यात साबुदाण्याचे वडे मागितले, कारण एकदा डब्यात खाल्ले होते.

दुसरी गोष्ट बेल्ट. ज्यांनी किनेटिक होंडा चालवली आहे, त्यांना स्नोमोबाइलचं गिअर नसणं नवीन वाटणार नाही. तत्त्व तेच: पुढची पुली वेगानुसार मिटत जाते, मागची उघडत जाते, आणि मधला रबरी पट्टा वरखाली सरकत गुणोत्तर बदलतो. फरक ताकदीचा. इथं तो पट्टा पावणेतीनशे किलो आणि वर दोन माणसं ओढतो. गारठलेल्या बेल्टवर एकदम पूर्ण थ्रॉटल दिला की त्याचं आयुष्य तिथंच संपू शकतं. म्हणून सकाळी आधी इंजिन गरम होऊ द्यायचं, मग मागचा भाग उचलून धपकन सोडायचा, म्हणजे जमिनीला गोठून चिकटलेला ट्रॅक सुटतो, मग पहिले काही मैल सबुरीनं. स्की चिकटलेल्या असतील तर हँडल डावी-उजवीकडे हलवून सोडवायच्या. चिकटलेल्या ट्रॅकवर जोर लावणाऱ्यांचे बेल्ट पार्किंगमध्येच फाटलेले मी पाहिले आहेत. कंपनीचा बेल्ट दीडशे-दोनशे डॉलरला येतो, एक जास्तीचा हुडखाली ठेवाच, आणि तो हातमोजे काढून बदलायचा सराव घरच्या गॅरेजमध्ये आधी करा. रात्री अंधारात, वाऱ्यात पहिल्यांदा करायचं काम नव्हे ते.

आराम. पुढच्या सीटबद्दल माझं मत मध्यम आहे. फोम आता बसलाय, त्यामुळे दोन-अडीच तासांनी माकडहाड बोलायला लागतं. उंच काच मात्र छातीवर वारा येऊच देत नाही, तिच्यासाठी मी बाकीचं सोसते. उजवा अंगठा ही सगळ्या स्नोमोबाइलवाल्यांची दुखरी जागा: थ्रॉटल अंगठ्यानं दाबून धरायचा असतो, दिवसभर. त्या खटक्यात छोटा हीटर असतो, तरी संध्याकाळी चहाचा कप धरताना अंगठा कुरकुरतो. हेल्मेटची काच गरम करणारी वायर लावायला प्लग आहे. तो वापरला नाही तर आपल्याच श्वासानं काच आतून गोठते. हेल्मेट मिशिगनमध्ये सक्तीचंच आहे.

मागच्या सीटचं प्रमाणपत्र सासूबाईंनी दिलंय. कराडहून आल्या होत्या, आधी “मी नाही बाई त्या यंत्रावर” म्हणाल्या, मग मागच्या गरम मुठी धरल्यावर उतरायला तयार नव्हत्या. “अगं, हे दांडे घरी सोफ्याला बसवता येतात का बघ,” असं मला गंभीरपणे विचारलं. मागचं सस्पेन्शन दोन माणसांसाठी कडक करायला एक ठोकळा फिरवावा लागतो, दोन सेकंदांचं काम. बहुतेक लोक ते करत नाहीत आणि मग मागचा माणूस प्रत्येक खड्ड्यात हवेत जातो. दुपारनंतर, शेकडो गाड्या जाऊन गेल्यावर, ट्रेलवर लाटा पडतात. ग्रूमर, म्हणजे ट्रेल सारखा करणारी यंत्रं, रात्री फिरून त्या सपाट करतात. म्हणून मी सकाळी निघते आणि चारपर्यंत घरी.

स्टिअरिंग सैल वाटायला लागलं, गाडी दुसऱ्याच्या स्कीच्या चरात ओढली जायला लागली, की दोष बहुतेक वेळा गाडीचा नसतो. स्कीच्या खाली कार्बाइडची धार असते, ती बोथट झालेली असते. नवी धार बसवल्यावर तीच गाडी वेगळी वाटते.

वर्षाची देखभाल फार नाही, पण चुकवता येत नाही. शरद ऋतूत इंजिन ऑइल, चेनकेसचं (ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीचं) ऑइल, सगळ्या निपलांत ग्रीस, ट्रॅकचा ताण, क्लचवरची बेल्टची काळी भुकटी हवेनं उडवणं. वसंतात टाकीत स्टॅबिलायझर घालून इंजिन थोडा वेळ चालवणं, बॅटरी घरात आणणं, मागचा भाग स्टँडवर उचलून ठेवणं म्हणजे स्प्रिंगांवर उन्हाळाभर भार राहत नाही. इथल्या पंपांवर इथेनॉल नसलेलं पेट्रोल वेगळं मिळतं, शेवटची टाकी त्याचीच भरा. आणि उंदीर. एअर फिल्टरच्या पेटीत उंदराला घर करायला फार आवडतं. सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूल कोंबते आणि हँडलला मोठ्या अक्षरांत चिठ्ठी बांधते, म्हणजे डिसेंबरात चालू करण्याआधी ते काढलं जाईल.

तक्रार आहे ती सुट्या भागांची. जवळच्या एका दुकानात ते जाम झालेलं बेअरिंग फेब्रुवारीत मागितलं, तर “मागवतो” म्हणून तीन आठवडे गेले, आणि इथला ट्रेलचा हंगामच १ डिसेंबर ते ३१ मार्च. शेवटी बेअरिंगवरचा नंबर वाचून साध्या औद्योगिक दुकानातून तेच काही डॉलरला आणलं. यामाहानं २०२३ मध्ये स्नोमोबाइलमधून बाहेर पडायचं जाहीर केलं, उत्तर अमेरिकेत २०२५ ची मॉडेल शेवटची. त्यांच्या फोर-स्ट्रोक इंजिनांना इथं मोठा मान आहे आणि जुन्या गाड्या बाजारात भरपूर येतात. घेऊ नका असं म्हणणार नाही, पण प्लास्टिकचे पॅनल आणि वायरिंग पुढे कुठून मिळेल ते आधी विचारून घ्या. पोलारिस रोझोची, आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्सची, दोन्ही मिनेसोटातल्याच; स्की-डू क्वेबेकमधल्या व्हालकूरची. तुमच्या गावापासून पन्नास मैलांत ज्या कंपनीचं चांगलं वर्कशॉप असेल ती घ्या, रंगावर आणि अश्वशक्तीवर जाऊ नका.

जुनी बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला सांगून ठेवा की इंजिन आधी गरम करून ठेवू नको. थंड चालू होते का ते बघा. मागून उचलून ट्रॅक हातानं फिरवा, दात तुटलेत का, चाकं खरखरतात का ते ऐका. हायफॅक्सची रेघ बघा. बेल्टचं झाकण काढा. आत रबराचे धागे गुंडाळलेले असतील तर भाव पाडा. बोगद्यातले रेडिएटर ठेचलेले असतील तर सरळ परत या.

नवी टूरिंग गाडी वीस हजार डॉलरच्या घरात जाते, मला ती रक्कम चार महिन्यांच्या बर्फासाठी पटत नाही. वापरलेली फोर-स्ट्रोक पुन्हा घेईन, हीच घेईन. या शरदात सीटचा फोम बदलून घ्यायचाय. मार्क्वेट किंवा कॅल्युमेट या इथल्या गावांकडे कोणी हे काम हातानं, मजबूत करणारं माहीत असेल तर खाली लिहा, कंपनीच्या सीटचा भाव विचारून आलेय आणि तो मी देणार नाही.