पैसे आगाऊ, पोळ्या मागाहून

नागपुरात इतवारीतल्या छापखान्यात २५ वर्षं प्रूफं तपासतोय. त्यामुळे हॉटेलात शिरलो की आधी पाट्या वाचतो, मग वास घेतो. गोळीबार चौकाकडच्या या सावजी खानावळीत गल्ल्यावर दोन पाट्या आहेत. वरची : ‘जेवणाचे पैसे आगाऊ द्यावेत.’ खालची, लाल रंगात : ‘आगाऊपणा करू नये.’ दोन्हीकडे ऊ दीर्घ. चूक काढायला जागा नाही.

सोबत पुण्याहून आलेला भाचा. त्यानं ६०० रुपये मोजले आणि वाढणाऱ्या पोराला विचारलं, “आता हा आगाऊपणा झाला का?”

पोरगा थांबलाही नाही. “जेवून घे ना बे पहिले, मंग कर आगावपणा.”

भाच्याला ते ‘बे’ झोंबलं. अरे, तुझ्याच वयाचा आहे तो, इथं ‘बे’ दोस्तीत चालतो. मला म्हणाला असता तर तो खरा आगावपणा.

शब्द एकच. आगाऊ म्हणजे पुढचा, वेळेआधीचा. पैसा वेळेआधी पुढे आला तर मालक खूश. माणूस नको तिथं पुढे झाला तर पाटी. नातीला ‘फार आगाऊ आहे’ म्हणताना आजीच्या आवाजात निम्मं कौतुक असतं. ‘उर्मट’ असं लाडानं म्हणून पाहा, जमत नाही. आणि ‘गैरवर्तन’ मी नोटिशीत पुष्कळदा तपासलंय, कोणाच्या तोंडून मात्र ऐकलेलं नाही.

जेवणाचं सांगतो. मटणाचा रस्सा काळपट लाल, वर तर्री, खसखस जाणवते आणि मिरी घशाशी रेंगाळते. पाटवडी रस्सा तर मटणाहून सरस. (भाचा तेव्हा नाक पुसत होता, त्याचं मत धरू नका.) पण पोळ्या! पहिल्या दोन आल्या, मग २० मिनिटं नुसतं “होऊन राहिल्या, काका.” शेवटी भातावर निभावलं.

निघताना गल्ल्यावर बोललोच : पैसे आगाऊ, पोळ्या मागाहून. मालकानं मान वर न करता खालच्या पाटीकडे बोट दाखवलं.

म्हणून इथं नाव लिहीत नाही, परत जायचं आहे. रविवारी दुपारी उशीर झाला की खूर संपतात, म्हणून काल फोन केला, दोन वाट्या बाजूला ठेवा म्हटलं.

“आगाऊ बुकिंग घेत नाही, काका.”