ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह : साताऱ्यातून एका इंग्रज कुटुंबाचा माग काढताना

वंशावळीच्या नोंदी पुरवणारी फाइंडमायपास्ट ही कंपनी ब्रिटिश लायब्ररीच्या भागीदारीत ‘ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह’ हा जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह २०११ पासून इंटरनेटवर चालवते. त्यात कोट्यवधी पाने आहेत. शोध घेणे विनामूल्य आहे. पान उघडून वाचायचे झाल्यास बहुतेक ठिकाणी वर्गणी भरावी लागते. आपल्या पणजोबांचा शोध घेणारा इंग्रज ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून ही सेवा बांधलेली आहे, हे तिच्या मांडणीवरून लगेच कळते. साताऱ्यात बसून आपल्या भागाच्या इतिहासासाठी ती वापरणाऱ्याच्या पदरी काय पडते, हे पाहण्यासाठी मी एका महिन्याची वर्गणी भरली आणि शोध एकाच कुटुंबापुरता ठेवला.

ते कुटुंब म्हणजे बार्टल फ्रियर यांचे. ५ एप्रिल १८४८ रोजी छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज वारले, तेव्हा फ्रियर साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कंपनी सरकारचे प्रतिनिधी, होते. महाराजांनी घेतलेले दत्तक मान्य करावे, असे मत त्यांनी सरकारला कळवले. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानले नाही, राज्य खालसा झाले आणि खालसा झालेल्या मुलखाचा कारभार कमिशनर म्हणून फ्रियर यांनाच पाहावा लागला. पुढे १८५० मध्ये ते सिंधचे कमिशनर झाले आणि १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. दक्षिण आफ्रिकेतील त्यांची कारकीर्द तेथील झुलू लोकांशी झालेल्या युद्धामुळे वादात सापडली, १८८० मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले आणि १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी कॅथरिन या मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांच्या कन्या. विवाह १८४४ चा. एवढा प्रसिद्ध माणूस निवडल्याचा फायदा असा, की सनावळी आधीच हाताशी असते आणि संग्रहाने काय दिले व काय दिले नाही, हे ताडून पाहता येते.

पहिली अडचण आडनावाचीच आहे. फ्रियर हे नाव रोमन लिपीत ज्या अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांनी फ्रेंचमध्ये ‘भाऊ’ असा शब्द होतो. त्यामुळे नुसते आडनाव टाकले की बेल्जियमचे पंतप्रधान फ्रेर-ऑर्बां, फ्रेंच चित्रकार आणि ‘अमुक बंधू’ अशा नावांच्या पेढ्या यांचीच गर्दी होते. यावर उपाय म्हणजे त्या काळच्या शिष्टाचाराप्रमाणे नाव लिहिणे. १८५९ मध्ये ‘सर’ हा किताब मिळेपर्यंत ते वृत्तपत्रांना ‘मिस्टर फ्रियर’ किंवा ‘एच. बी. ई. फ्रियर, एस्क्वायर’ म्हणून ठाऊक होते. त्यानंतर ‘सर बार्टल’ एवढे दोन शब्द पुरतात. मुलींचा शोध घेताना आणखी सावध राहावे लागते, कारण घरातील थोरल्या अविवाहित मुलीला नुसते ‘मिस फ्रियर’ म्हणत आणि धाकट्या बहिणींच्या बाबतीत मध्ये पाळण्यातले नाव घालत. गावांच्या नावांचेही तसेच आहे. साताऱ्याच्या इंग्रजी नावात त्या काळी बहुधा टी हे अक्षर दोनदा लिहीत, तेव्हा आजच्या स्पेलिंगवर विसंबणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते.

शोधाची मदार यंत्राने वाचलेल्या मजकुरावर आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा बारीक ठसा, पसरलेली शाई आणि घडीवर विरलेला कागद यांतून यंत्र काय वाचेल याचा नेम नसतो. हिंदुस्थानी नावांचे तर ते हमखास वाटोळे करते. वाचकाला चुकलेला मजकूर दुरुस्त करण्याची सोय दिलेली आहे, ती चांगली आहे. त्याहून उपयोगी आहे ती चाळणी : निकाल तारखेने, वृत्तपत्राने, परगण्याने आणि मजकुराच्या प्रकाराने वेगळे करता येतात. या प्रकारांत कौटुंबिक निवेदनांचा एक स्वतंत्र वर्ग आहे आणि कुटुंबाचा माग काढणाऱ्याने सुरुवात तेथूनच करावी. जन्म, विवाह आणि मृत्यूची ही छोटी निवेदने कुटुंबानेच छापायला दिलेली असत आणि एका वृत्तपत्रातील मजकूर दुसरे वृत्तपत्र उचलत असल्याने ती अनेक ठिकाणी सापडतात. फ्रियर यांचे शालेय शिक्षण बाथ येथे झाले असल्यामुळे त्या गावचे ‘बाथ क्रॉनिकल’ आणि हिंदुस्थानातील नेमणुका, रजा व बोटींवरील प्रवाशांची नावे देणारे लंडनचे ‘अ‍ॅलन्स इंडियन मेल’ ही दोन पत्रे या कामी प्रथम पाहण्यासारखी आहेत. लंडनचे ‘टाइम्स’ मात्र या संग्रहात नाही. त्यासाठी दुसरी सेवा घ्यावी लागते.

तारखांची चाळणी लावताना टपालाचा वेग ध्यानात ठेवावा लागतो, आणि हे संकेतस्थळ आपल्याला सांगत नाही. सुएझ कालवा १८६९ चा आणि हिंदुस्थान-इंग्लंड तारायंत्र १८६५ चे. त्याआधी बातमी बोटीने सुएझपर्यंत, तेथून जमिनीवरून अलेक्झांड्रियाला आणि पुन्हा बोटीने युरोपात जाई. म्हणून साताऱ्यात एप्रिलच्या सुरुवातीला घडलेली घटना लंडनच्या मेच्या किंवा त्याही पुढच्या अंकांत शोधावी. तारायंत्र आल्यावरही सगळे जग एकदम जवळ आले असे नाही. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवाना येथे झुलूंनी इंग्रजी फौजेचा धुव्वा उडवला, ती बातमी लंडनला पोहोचली ११ फेब्रुवारीला, कारण दक्षिण आफ्रिकेपर्यंत समुद्री तार अजून गेली नव्हती.

फ्रियर साताऱ्यात होते ती वर्षे या संग्रहात विरळ आहेत, आणि आपल्याकडच्या ग्राहकाने वर्गणी भरण्यापूर्वी हे समजून घेतलेले बरे. फ्रियर तेव्हा नामांकित नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण असे, की ब्रिटनमध्ये जाहिरातींवरील कर १८५३ मध्ये, वृत्तपत्रांवरील मुद्रांक-कर १८५५ मध्ये आणि कागदावरील कर १८६१ मध्ये उठला. गावोगावची एका पेनीची वृत्तपत्रे वाढली ती त्यानंतर. त्यामुळे कुटुंबाच्या आयुष्याचा उत्तरार्ध भरगच्च दिसतो आणि पूर्वार्ध चार-दोन ओळींवर भागवावा लागतो. आयुष्यच तसे होते असे समजण्याचा मोह मात्र टाळावा.

वृत्तपत्रांची खरी मर्यादा याहून वेगळी आहे. ती कुटुंबाची जाहीर बाजू सांगतात. जन्माच्या निवेदनात बापाचे नाव आद्याक्षरांसह पूर्ण असते, आईचा उल्लेख ‘यांची पत्नी’ एवढाच असतो आणि बाळाचे नाव नसते, केवळ मुलगा की मुलगी हे कळते. गव्हर्नरच्या दौऱ्याची बातमी म्हणजे दरबार, सलामी आणि मानपत्र. १८६५-६६ च्या हिवाळ्यात फ्रियर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा लेडी फ्रियर इंग्लंडात होत्या आणि वडिलांच्या छावणीत थोरली मुलगी मेरी ही एकटीच इंग्रज बाई होती. तिच्या सोबतीला अ‍ॅना लिबेराटा डिसूझा नावाची आया होती; तिने प्रवासात सांगितलेल्या लोककथा मेरीने उतरवून घेतल्या आणि १८६८ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापल्या. त्या पुस्तकात अ‍ॅनाची स्वतःची हकीकतही आहे. दरबाराच्या बातम्या वाचून त्या तंबूत अशी काही बैठक होत होती, याचा कोणालाही पत्ता लागला नसता.

म्हणून या सेवेच्या जोडीला खाजगी पत्रे हवीतच. फ्रियर यांचे चरित्र आणि पत्रव्यवहार जॉन मार्टिनो यांनी १८९५ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला; ते खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात आणि साताऱ्याच्या वर्षांसाठी वर्गणीच्या संग्रहापेक्षा तेच अधिक देतात. पण ही पत्रे चरित्रकाराने निवडलेली आहेत, आणि चरित्रकार फ्रियर यांच्या बाजूचा आहे. झुलू युद्धाचे प्रकरण त्यांत वाचले की फ्रियर यांच्यावर अन्याय झाला असेच वाटू लागते. त्याच महिन्यांची उदारमतवादी वृत्तपत्रे समोर ठेवली की त्यांच्या धोरणावर मायदेशात किती कठोर टीका होत होती ते कळते. माझ्या मते या संग्रहाची किंमत वसूल होते ती येथे : जपून ठेवलेल्या पत्रांवर वृत्तपत्रांचा पहारा बसवता येतो. उलट बाजूने, वृत्तपत्रातील एखाद्या प्रवासी यादीतील तारीख मिळाली, की तारीख नसलेले पत्र केव्हाचे हे ठरवता येते.

खर्चाबाबत सांगायचे तर वर्गणी पौंडांत आहे आणि ती महिन्याची, तीन महिन्यांची किंवा वर्षाची घेता येते. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यावे लागतात, आणि वर्गणी आपोआप पुढे चालू राहत असल्याने ती आठवणीने बंद करावी लागते. वर्षभराची वर्गणी आपल्याकडच्या हौशी अभ्यासकाला परवडणारी आहे असे मला वाटत नाही. विनामूल्य शोधात निकालाबरोबर मजकुराचा थोडा तुकडा दिसतो. त्यावरून हवी ती पाने वहीत टिपून ठेवावीत, फुकट खुली केलेली पाने आधी वाचून घ्यावीत आणि यादी पुरेशी लांबली की एका महिन्यासाठी पैसे भरून ती उरकावी. तत्पूर्वी वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइन, न्यूझीलंडचे पेपर्स पास्ट आणि ऑस्ट्रेलियाचे ट्रोव्ह हे तिन्ही मोफत संग्रह जरूर पाहावेत, कारण लंडनच्या बातम्या ही पत्रे भरभरून उचलत असत.

ज्यांना फ्रियर कुटुंबात रस नाही, अशा सातारकरांनी गादीवरून दूर केलेल्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी यांच्यासाठी हा संग्रह चाळावा. १८४० ते १८५३ या काळात ते लंडनला राहून महाराजांची बाजू मांडत होते आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभांत साताऱ्याचा प्रश्न पुनःपुन्हा निघत होता. तेथे त्यांच्या नावाने शोध घेण्यापेक्षा ‘राजा ऑफ सातारा’ असे, टी दोनदा लिहून, शोधणे अधिक फळ देते.