बर्फ किती फोडतं ते नंतर बघा, आधी सॅम्पल कुठून वर येणार ते विचारा

पोलर क्रूझसाठी, म्हणजे ध्रुवीय समुद्रातल्या संशोधन मोहिमेसाठी, अर्ज करायचाय आणि पोलरस्टर्न, सर डेव्हिड ॲटनबरो की नुयिना यातलं कुठलं बर्फफोडं जहाज घ्यायचं यावर गाडं अडलंय, तर बहुतेकजण पहिला प्रश्न विचारतात तो बर्फाच्या जाडीचा. सांगून टाकतो. पोलरस्टर्न दीड मीटरचा बर्फ साधारण 5 नॉटने फोडत जातं, नुयिना 1.65 मीटरचा 3 नॉटने, ॲटनबरो 1 मीटरचा 3 नॉटने. पण 3 नॉट म्हणजे माणूस भरभर चालतो तेवढाच स्पीड, त्यात डिझेल बेसुमार जातं, म्हणून कॅप्टन लोक आधी बर्फातल्या मोकळ्या भेगाच शोधतात.

तुम्हाला बर्फावरच उतरून ड्रिल मारायचंय का? मग डोळे झाकून जर्मनांचं पोलरस्टर्न. जहाज 1982 चं, म्हातारंच म्हणा ना, पण बर्फ जास्त जाड लागला की मागे सरकतं, धाव घेतं, नाक बर्फावर चढवतं आणि स्वतःच्या वजनाने तो खाली मोडतं. 2019 च्या ऑक्टोबरात मोझेइक मोहिमेसाठी हे आर्क्टिकमधल्या एका मोठ्या हिमतुकड्याला बांधून ठेवलं आणि बर्फ नेईल तिकडे अख्खा हिवाळा वाहत गेलं, बाजूला बर्फावरच सायंटिस्टांचा कॅम्प. असा अनुभव बाकी दोघांच्या गाठीला नाही.

पाण्यातलं काम असेल तर मात्र गणित बदलतं. ब्रिटिशांच्या ॲटनबरोला मधोमध मूनपूल आहे, म्हणजे जहाजाच्या तळातून आरपार 4 बाय 4 मीटरची विहीरच, त्यामुळे आजूबाजूला बर्फ असला तरी उपकरणं आतूनच खाली सोडता येतात. शिवाय पाण्याखाली आवाज कमी, त्यामुळे सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र, वापरणाऱ्यांसाठी हेच बेस्ट. (2016 ला पब्लिक याचं नाव बोटी मॅकबोटफेस ठेवायला निघालं होतं, ते शेवटी यातल्या पाणबुडी रोबोटला गेलं.)

आणि क्रिलवर, म्हणजे कोळंबीसारख्या छोट्या समुद्री जिवांवर, काम करणाऱ्यांनी दुसरीकडे बघूच नये. जाळ्यात क्रिल चेंगरतात, पाय तुटतात, मग प्रयोग काय डोंबल करणार? ऑस्ट्रेलियाच्या नुयिनावर वेट वेल आहे, जहाजाच्या पोटातून समुद्राचं पाणी थेट आतल्या खोलीत येतं, मिनिटाला 5 टनांपर्यंत, आणि क्रिल जिवंत, धडधाकट हातात येतात.

गोम एकच. 160 मीटरचं हे जहाज अंटार्क्टिकातल्या केसी, डेव्हिस, मॉसन या स्टेशनांचं रेशन, इंधन, माणसंही वाहतं, त्यामुळे तुमचे सायन्सचे दिवस सप्लायच्या टाइमटेबलमध्ये बसवावे लागतात. थोड्याफार फरकाने हे ॲटनबरोलाही लागू आहे, म्हणून नुसते क्रूझचे दिवस मोजू नका, त्यातले स्टेशनवर सामान उतरवण्यात किती जाणार ते अर्ज भरायच्या आधी क्रूझ लीडरला विचारा.

बाकी एक, बर्फफोड्या जहाजांचा तळ गोलसर असतो, त्यामुळे मोकळ्या समुद्रात ती भयंकर डोलतात. उलटीच्या गोळ्या तिन्हीकडे लागतील.